सायकलकाकांचं नाक

तसे ते नाकासमोर चालणारे गृहस्थ. पण आयुष्यात जो काही घोळ झाला, तो त्या नाकानेच केला.

तळ्याकाठच्या एका लहानशा गावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. हिंडायला आलेल्या लोकांना सायकली भाड्याने द्यायच्या, संध्याकाळी परत आल्या की चिखल पुसायचा, पंक्चर काढायचं, उतरलेली चेन चढवायची, हा त्यांचा उद्योग. सगळं गाव त्यांना सायकलकाका म्हणायचं. बायको घरीच शिवणकाम करायची आणि एकुलती एक लेक गावच्या दवाखान्यात नर्स होती. काका कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. कुणी हँडल वाकडं करून सायकल परत आणली, तरी "असू दे, सरळ करू" यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

शब्द निघायचा नाही, पण शिंक निघायची.

त्याचं असं होतं. तळ्याभोवतीची उंच झाडं वर्षातून एकदा फुलायची आणि त्या फुलांची पिवळी धूळ महिनाभर गावावर उतरत राहायची. खिडक्यांच्या कठड्यांवर, गाड्यांच्या काचांवर, वाळत घातलेल्या चादरींवर. इतरांनी ती झटकली की विषय संपला. काकांचं नाक मात्र तो विषय सोडायला तयार नसायचं. त्यांना शिंका यायच्या त्या तिनाच्या पटीत. पहिली शिंक नुसती वर्दी द्यायची. दुसरीला समोरचा माणूस बोलता बोलता थांबायचा. आणि तिसरी! तिसरीला बाकावर मांडलेले बेअरिंगचे छर्रे चहूकडे उधळायचे, छपरावरची कबुतरं उडायची आणि तीन घरं पलीकडे झोपलेलं मूल उठून बसायचं. गावाला त्याचं कोण कौतुक! शिंक ऐकली की लोक म्हणायचे, "चला, झाडं फुलली."

मग तो आजार आला.

आधी दूरच्या शहरांत आला, मग जवळच्या. ज्याच्या त्याच्या तोंडाला मास्क लागला. साधं घसा खाकरणाऱ्याकडेही लोक खून केल्यासारखं बघायला लागले. अशात झाडं फुलली. काका केस कापायला गेले होते, तिथे पहिली वर्दी आली आणि शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ अर्धी दाढी फेसात, अर्धी मोकळी, गळ्याला टॉवेल तसाच, रस्त्यावर धावत सुटले. ते पुन्हा सलूनमध्ये आलेच नाहीत. टॉवेलही आला नाही.

लेकीने काकांची तपासणी केली. एकदा केली, पुन्हा केली, बाबांच्या समाधानासाठी आणखी एकदा केली. नाकात काडी घालून घालून बिचारं नाक लालबुंद झालं, पण रिपोर्ट स्वच्छ. "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. ही फुलांची ॲलर्जी आहे, दरवर्षीचीच." खरं होतं ते. पण रिपोर्ट खिशात असतो आणि शिंक तोंडावर येते! काका दिसले की लोक रस्ता ओलांडायचे. औषधवाला म्हणजे त्यांचा जिवलग दोस्त, रोज संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायचे. तोही म्हणाला, "आपण फोनवर खेळू." फोनवर खेळताना काकांना एकदा शिंक आली, तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग कळलं की औषधवाला फोन पुसत होता.

बायकोने दुहेरी अस्तराचा मास्क शिवून दिला, तो घालून काका दुकानात बसायचे. पण जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून उगाच खिडकीबाहेर बघत राहायचे. बायकोला ते कळायचं आणि ती शिलाई मशीन जरा जास्तच जोरात चालवायची.

मग वर्षभराने शहरांमधला आजार किंचित ओसरला, बंधनं सैल झाली, झाडं पुन्हा फुलली आणि नेमकी जोडून सुट्टी आली. महिनोन्महिने घरात कोंडलेली माणसं, पिशवी फाटून बटाटे घरंगळावेत तशी, थेट या तळ्यावर येऊन सांडली. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. बोटींना रांग, आइस्क्रीमला रांग, स्वच्छतागृहाला तर रांगेच्या पोटात रांग. तळ्याच्या मधोमध एक छोटंसं बेट होतं आणि तिथे जायला एक अरुंद लाकडी पूल. पुलावर उभं राहून फोटो काढला नाही तर सुट्टी फुकट, असं कुणीतरी सांगितलं असावं, कारण पुलावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. आणि मास्क? असायचे ना. कुणाच्या हनुवटीवर, कुणाच्या मनगटावर, एकाच्या तर कुत्र्याच्या गळ्यात.

गावाची अवस्था मोठी विचित्र झाली. पोट या लोकांवर आणि भीतीही याच लोकांची. बायका-पुरुष हसतमुखाने आइस्क्रीम द्यायचे आणि गिऱ्हाईक वळलं की कोपरापर्यंत हात धुवायचे. लेक कामावरून यायची ती गालांवर मास्कचे वळ घेऊन. "बाबा, आमच्याकडे खाटा किती आहेत ठाऊक आहे ना? यातल्या एका गाडीतली माणसं आजारी पडली तरी अंगणात गाद्या टाकाव्या लागतील."

शेवटी नगराध्यक्षाबाईंनी शाळेच्या मैदानावर सभा बोलावली. बाई गावातल्या सगळ्यात मोठ्या लॉजच्या मालकीण, त्यामुळे त्यांना गर्दी नकोही होती आणि हवीही होती. नियमाप्रमाणे खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, म्हणून प्रत्येकाला ओरडून बोलावं लागत होतं. गरीब स्वभावाची माणसंसुद्धा गळ्याच्या शिरा ताणून किंचाळत होती, "माझं आपलं एक नम्र मत आहे!" कुणी म्हणे पूल बंद करा, कुणी म्हणे मग आम्ही काय खायचं. घसे बसेपर्यंत चर्चा झाली आणि ठरलं काय, तर पुलाच्या तोंडाशी एक फलक लावायचा: 'कृपया अंतर ठेवा.'

दुसऱ्या दिवशी लोक त्या फलकाला खेटून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून फोटो काढत होते.

त्याच दुपारी काकांना निरोप आला. भाड्याने नेलेल्या एका सायकलची चेन तुटली होती आणि सायकल आइस्क्रीमच्या गाडीपाशी पडून होती. काका मास्क लावून, पाना-पक्कड घेऊन तिकडे गेले. गर्दीतून अंग चोरत सायकलपाशी पोचले, उकिडवे बसले आणि चेन हातात घेतली, तोच वाऱ्याची एक झुळूक आली. वरच्या झाडाने मूठभर पिवळी धूळ नेमकी त्यांच्यावर सोडली.

काकांनी श्वास रोखला. नाक दाबलं. आपली जीभ आपणच चावली. लेकीने शिकवल्याप्रमाणे मनातल्या मनात थंडगार पाण्याचा विचार केला. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, मान आखडली. पण आली शिंक म्हणजे आली, ती काय कुणाच्या बापाची वाट बघते? पहिली गेली. आजूबाजूची बोलणी कमी झाली. दुसरी गेली. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई!" आणि मग तिसरी अशी काही गेली की मास्क चेहऱ्यावर शिडासारखा फुगला.

काकांनी डोळे पुसून वर बघितलं. आइस्क्रीमच्या गाडीसमोर कुणी नव्हतं. रांग नव्हती, रांगेचा शेवट नव्हता. धक्का मोकळा, बाकं मोकळी. जमिनीवर एक चप्पल होती आणि एक आइस्क्रीम उलटं पडून वितळत होतं. तेवढे एक वयस्कर गृहस्थ उरले होते. ते कानाने अधू असावेत, कारण ते शांतपणे बदकांचे फोटो काढत होते.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकल खांद्यावर टाकून ते मागच्या गल्लीने घरी पळाले.

पण समोरच्या दुकानातून औषधवाल्याने सगळं पाहिलं होतं. सकाळपासून जे पोलिसाच्या शिट्टीने जमलं नव्हतं, फलकाने जमलं नव्हतं, ते एका नाकाने चुटकीसरशी केलं होतं! तो धावत नगराध्यक्षाबाईंकडे गेला. संध्याकाळी काका दिवाणखान्यात पडदे ओढून बसले होते, तेवढ्यात फाटक वाजलं. बायकोने पाहिलं तर अंगणात नगराध्यक्षाबाई, औषधवाला आणि मागे आणखी चारपाच जण. त्यांच्यापैकी एकही जण वर्षभर या घराच्या सावलीलासुद्धा उभा राहिला नव्हता.

"काका आहेत का?"

"का? तक्रार घेऊन आलात?" बायको दारातच उभी राहिली, कमरेवर हात.

"तक्रार नाही हो, विनंती आहे," नगराध्यक्षाबाई म्हणाल्या. घसा बसल्यामुळे त्यांचा आवाज करवतीसारखा येत होता. "गावाला काकांच्या नाकाची गरज आहे."

बायकोने पदर खोचला. "अस्सं! म्हणजे कालपर्यंत या नाकाला बघून तुम्ही नाकं मुरडत होतात आणि आज त्याच्यासमोर नाक घासायला आलात?"

"वहिनी, तुम्ही म्हणाल तर घासतो," औषधवाला म्हणाला. आणि खरंच फाटकापाशी वाकायला लागला.

आतून काका बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. उद्या सुट्टीचा सगळ्यात गर्दीचा दिवस. काकांनी फक्त गावातून फेरफटका मारायचा. जिथे दाटी दिसेल तिथे थांबायचं आणि, म्हणजे, जे व्हायचं ते होऊ द्यायचं.

"हे काही बरोबर नाही," लेक म्हणाली. ती नुकतीच कामावरून आली होती. "लोकांना घाबरवायचं म्हणजे फसवणूक झाली. तीही आपल्यासारखीच माणसं आहेत."

"आणि उद्या तुझ्या अंगणात गाद्या टाकाव्या लागल्या तर?" नगराध्यक्षाबाईंनी विचारलं. लेकीने गालांवरचे वळ चोळले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण माझ्या दोन अटी. एक, मास्क नाकावरून हलता कामा नये. दोन, कुणी विचारलं तर खरं सांगायचं, ही फुलांची ॲलर्जी आहे म्हणून."

अटी मान्य झाल्या. विचारायला कुणी थांबणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

खरं सांगायचं तर काकांनी अटी अर्ध्याच कानाने ऐकल्या होत्या. ते अंगणातल्या माणसांकडे बघत होते. माणसं! आपल्या अंगणात! त्यांना एकदम इतकं भरून आलं की ते आत जाऊन सगळ्यांसाठी खुर्च्या आणायला लागले. घरातल्या संपल्या तेव्हा शेजारून मागून आणल्या.

सकाळी काका निघाले ते काय वर्णावं! अंगात धुतलेला सदरा, तोंडावर बायकोने रातोरात शिवलेला नवा मास्क, याला तिहेरी अस्तर आणि कानामागे जाड नाड्या, म्हणजे उडायची भीती नको. सायकलच्या कॅरिअरला फुललेल्या झाडाची ताजी फांदी बांधलेली. मागून दुसऱ्या सायकलवर औषधवाला, बऱ्याच अंतरावरून.

पहिला मुक्काम बोटींची रांग. काकांनी फांदी काढली, मास्कजवळ नेली, ओळखीचा वास घेतला. वर्दी, इशारा, धमाका! रांग अशी पांगली की बोटवाल्याला हाका मारून माणसं बोलवावी लागली, आणि आली ती एकमेकांपासून हातभर दूर राहून. दुसरा मुक्काम बाजार. टोप्यांच्या दुकानात डोक्याला डोकं लागलेलं. काका दारात नुसते उभे राहिले आणि नाक आकसलं, तेवढ्यानेच निम्मं दुकान मागच्या दाराने बाहेर. तिसऱ्या ठिकाणी तर गाववाल्यांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. "काका, जरा डावीकडे! डावीकडे दाटी आहे!" "काका, आमच्या गल्लीत कधी येता?"

दुपारपर्यंत काकांच्या अंगात वारं भरलं होतं. वर्षभर शिंक गिळून गिळून जगलेला माणूस, आज त्याला कुणी म्हणत होतं, लावा जोर! ते आता शिंकेला हेलकावा द्यायला लागले. दुसरी आणि तिसरीच्या मध्ये मुद्दाम थांबायचे, एक बोट वर करून. सगळा रस्ता श्वास रोखायचा. औषधवाला मागून ओरडायचा, "वा, क्या बात है!" आणि दोघंही हसून हसून सायकलवरून पडायला यायचे. इतके ते शाळा सुटल्यावरसुद्धा हसले नसतील.

मग राहिला पूल.

पुलावर त्या वेळी खच्चून माणसं भरली होती. निम्मी बेटाकडे निघालेली, निम्मी परत येणारी, मध्ये फोटोवाले अडून बसलेले, कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत. किनाऱ्यावर नगराध्यक्षाबाई वाटच बघत होत्या. "काका, हा एवढा पूल मोकळा केलात की गाव तुमचं."

काकांनी पुलाच्या तोंडाशी सायकल लावली. फांदी घेतली. लांब श्वास ओढला. अशी शिंक त्यांना स्वतःलाही आजवर आली नव्हती. तिसरीला पुलाच्या फळ्या थरथरल्या म्हणतात.

गर्दीने एकदम पाठ फिरवली आणि बेटाच्या दिशेने निघाली. भराभर, ढकलाढकली करत. पुढची माणसं पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचली असतील नसतील, तेवढ्यात बेटावरून आवाज आला.

"हाऽऽक् छी!"

गर्दी थबकली. काकाही थबकले. आवाज त्यांचा नव्हता.

"हाऽऽक् छी!" पुन्हा. आणि मग तिसरी, अगदी त्यांच्याच तोडीची. बेटावरची बदकं फडफडत पाण्यात पडली.

गर्दी पुन्हा वळली, किनाऱ्याकडे. इकडे घाबरलेल्या काकांना आणखी एक आली. गर्दी बेटाकडे वळली. तिकडून उत्तर आलं. गर्दी इकडे. गर्दी तिकडे. शेवटी ती पुलाच्या मधोमध अडकली, इकडे आड तिकडे विहीर आणि खाली तळं.

आता कुणी कठड्यावरून पडलं तर? काकांना लेकीची अट आठवली, खरं सांगायची. त्यांनी फांदी उंच हलवली आणि तिहेरी अस्तराच्या आतून जीव तोडून ओरडले, "फुलं! फुलं आहेत हो! फुलांमुळे!"

तिहेरी अस्तरातून शब्द बाहेर आला तो अर्धाच.

"काय म्हणतोय?" पुलावरून कुणीतरी विचारलं.

"फुफ्फुसं म्हणतोय! फुफ्फुसं गेली म्हणतोय!"

झालं! एकच कल्लोळ उठला.

आणि तेवढ्यात बेटाच्या टोकावरून एका बाईचा आवाज असा काही निघाला की तळ्यावर तरंग उठावेत.

"जागच्या जागी उभे राहा! कुणीही पुढे सरकायचं नाही!"

तो आवाज ज्याने ऐकला तो जागीच खिळला. त्यात राग नव्हता, भीती नव्हती. आपलं ऐकलं जाणार आहे याची खात्री तेवढी होती.

"कठडा धरा! एका खांबाला एक माणूस! ओ निळी टोपी, तुमचा खांब मागचा. ताई, मुलाला कडेवर घ्या. फोटो काढणारे, तुम्हाला वेगळं सांगू का?"

बघता बघता ती सगळी गर्दी सुटी झाली. एका खांबाला एक माणूस, पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने उभा. मग बाई पुलावरून चालत आल्या. बसक्या बांध्याच्या, डोक्याला रुमाल, खांद्याला चामड्याची जुनी पिशवी, तोंडावर मास्क, मास्कच्या वर लालभडक डोळे. "आणि ऐका! हा ताप नाही, साथ नाही, काही नाही. हे फुलांचं दुखणं आहे. मला माहेरापासून आहे!" एवढं बोलून त्यांनी रुमालात तोंड खुपसलं आणि एक छोटीशी शिंक दिली.

मधल्या खांबापाशी एक जाडजूड गृहस्थ उभे होते. त्यांनी आधी या बाईंकडे बघितलं, मग किनाऱ्यावर फांदी घेऊन उभ्या राहिलेल्या काकांकडे, मग स्वतःच्या हाताकडे. धावपळीत कुणा अनोळखी बाळाची दुधाची बाटली त्यांच्या हातात आली होती. ते हसायला लागले. एक हसला की दुसरा हसतो, आणि त्या दिवशी तर सगळ्यांचे बांध फुटायला आलेच होते. सगळा पूल हसत सुटला. कठडा धरून, डोळे पुसत, एका खांबाला एक माणूस.

"पण मग मुद्दाम शिंकत का होतात तुम्ही?" काठाजवळच्या एक ताई म्हणाल्या. "सकाळी बोटीपाशीही तुम्हीच होतात."

काकांनी औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाला आपल्या सायकलीआड लपत होता. शेवटी नगराध्यक्षाबाई पुढे आल्या. "मीच सांगितलं होतं त्यांना. आमचा दवाखाना एवढासा आहे हो. तुम्ही यावं असं वाटतं आणि तुमची भीतीही वाटते. काय करू?"

"मग सरळ सांगायचं ना, एका खांबाला एक माणूस म्हणून!"

"फलक लावला होता की!"

"फलक ओरडत नव्हता," ताई म्हणाल्या.

रुमालवाल्या बाई शहरातल्या बसवर कंडक्टर होत्या. आजार आल्यापासून त्यांची एक शिंक आणि बस रिकामी, असं चाललं होतं. साहेबांनी त्यांना बसवरून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं होतं. सुट्टीत एकट्याच इथे आल्या, तर लॉजच्या काउंटरवर नाव सांगता सांगता शिंक आली आणि एकही खोली शिल्लक नसल्याचं कळलं. मग आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून सकाळीच बेटावर जाऊन बसल्या होत्या. पूल भरला, परत येता येईना. बेटावर तर झाडंच झाडं. तोंडात टॉवेलचा बोळा घालून त्यांनी अख्खी सकाळ काढली होती.

"तुम्हालाही तिनाच्या पटीत येतात?" काकांनी विचारलं.

"पहिली साधी, दुसरी जरा बरी," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"आणि तिसरीला?"

"तिसरीला ड्रायव्हर ब्रेक मारतो."

काकांना वाटलं, हिला कडकडून भेटावं. पण अंतर ठेवायचं होतं, म्हणून त्यांनी तिला दुरून फांदी हलवून दाखवली आणि ती ताबडतोब शिंकली.

मग कंडक्टरबाईंनी पुलाचा ताबाच घेतला. काकांच्या दुकानातून दोन घंट्या मागवल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. जेवढे खांब तेवढीच माणसं पुलावर सोडायची. एक घंटा म्हणजे थांबा, डबल घंटा म्हणजे चला. "पुढे सरका, पुढे सरका म्हणण्यात उभा जन्म गेला माझा," त्या म्हणाल्या, "मागे सरका म्हणायला काय बरं वाटतं हो!" वाट बघणाऱ्यांनी एका जागी करायचं काय? नगराध्यक्षाबाईंनी त्यांना काकांच्या दुकानाकडे धाडलं, सायकली घ्या आणि तळ्याला चक्कर मारून या. काकांची शेवटची, मडगार्ड खडखडणारी सायकलसुद्धा बाहेर पडली. गर्दी होती तेवढीच, पण जिथे एक गठ्ठा होता तिथे आता तळ्याभोवती माळ झाली होती. लेक जेवायच्या सुट्टीत बाहेर आली, दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून बघत राहिली, आणि कितीतरी दिवसांनी तिने खांदे सैल सोडले.

संध्याकाळी काका धापा टाकत घरी आले. "अगं, अगं, ऐक ना! पुलावर एक बाई भेटली! मी शिंकलो, तर ती शिंकली! मग मी पुन्हा शिंकलो!"

बायकोने मशीन थांबवलं. "म्हणजे तुम्ही भरदिवसा, चारचौघांत, एका परक्या बाईला शिंक मारलीत?"

"मारली नाही गं, आली!"

"डोळा मारतात एवढंच माहीत होतं मला," ती म्हणाली. पण फाटकात कंडक्टरबाई पिशवी सावरत उभ्या होत्या आणि त्यांचे ते लालभडक, पाणावलेले डोळे बघून तिच्या मनातलं किल्मिष विरघळलं. असे डोळे तिने घरात बरीच वर्षं बघितले होते. तिने अंगणात दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या, अंगणाकडची वेगळी खोली झाडून दिली आणि नगराध्यक्षाबाईंना फोन लावला. "तुमच्या लॉजमध्ये खोली नव्हती ना? बरं झालं. आमच्याकडे आहे."

अंगणात मग उशिरापर्यंत दोन शिंकणाऱ्यांच्या गप्पा रंगल्या. कुणाला कुठे कशी आली, कोण कसं पळालं. फेसातल्या गृहस्थांची गोष्ट ऐकून कंडक्टरबाई खुर्चीसकट मागे पडल्या. त्यांना हात द्यायला कुणी जवळ जाईना, नियम होता ना, मग त्या तशाच पडल्या पडल्या हसत राहिल्या. बायको तर हसून हसून पोट धरून पायरीवर बसली. मधूनच एकाला शिंक आली की दुसऱ्याला यायची आणि कुंपणापलीकडून शेजारी ओरडायचे, "झाडं फुलली हो!"

सुट्टी संपली. कंडक्टरबाई निघाल्या तेव्हा निम्मं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं, हातभर अंतर ठेवून. त्या दिवशी त्या कामावर नव्हत्या, पण बसच्या पायरीवर पाऊल ठेवताच त्यांच्या तोंडून निघालं, "एका सीटवर एक! खिडक्या उघडा!" आणि बसमधल्या अनोळखी माणसांनी मुकाट्याने खिडक्या उघडल्या. ड्रायव्हरने मान वळवून बघितलं आणि आपला मास्कसुद्धा नाकावर ओढला.

काका बसच्या बाजूने सायकल हाणत निघाले. खिडकीतून बाई हात हलवत होत्या, काका काहीतरी ओरडत होते, काय ते त्यांनाही कळत नव्हतं. वळणावर बस पुढे गेली. काका थांबले, धूळ खाली बसू दिली आणि तळ्याच्या कडेने घराकडे वळले. ओट्यांवरून, दुकानांतून माणसं हाका मारत होती. कुणाला चेन दाखवायची होती, कुणाला उगाच बोलायचं होतं.

बायको फाटकात उभी होती. रस्त्याच्या उतारावरून तिला आपला नवरा येताना दिसला. डोक्याचे पिकलेले केस वाऱ्यावर, सदरा फुगलेला, आणि दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले.

"अहो! हँडल धरा! हँडल!" ती किंचाळली.

"सोडलंय!" काका ओरडले आणि तिच्यासमोरून भरधाव पुढे निघून गेले.